मळ्यात कोण गेले?

1 जानेवारी 1938 रोजी सोलापुरात ख्रिस्ती समाजाच्या सभेपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलायला उभे राहिले. येवल्याच्या घोषणेला सव्वादोन वर्षे झाली होती. हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर करणारा हा नेता पुढे कोणत्या धर्मात जातो, याकडे साऱ्या देशाचे लक्ष लागले होते. समोर बसलेल्यांच्या मनात काय आशा असेल ते सांगायला नको. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींनी आपले मन जिंकले आहे, असे बाबासाहेब म्हणाले. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. दक्षिणेतल्या चर्चमध्ये जात पाळली जाते आणि सामाजिक अन्यायाविरुद्धच्या लढ्यात ख्रिस्ती समाज कधी उतरत नाही, असे त्यांनी त्या समाजाला तोंडावर सुनावले. त्यांच्या ‘जनता’ या पत्राने पुढच्याच महिन्यात ते भाषण छापले.

ख्रिस्ती शिकवणीवर किंवा येशूवर त्या भाषणात आक्षेप नव्हता. आक्षेप होता तो येशूला प्रभू म्हणून त्याचे न ऐकणाऱ्यांवर. त्या भाषणाला आता ऐंशीहून अधिक वर्षे झाली. मराठी ख्रिस्ती माणसाने त्या आक्षेपाचे उत्तर अजून पुरते दिलेले नाही, आणि ते व्याख्यान देऊन देता येण्याजोगेही नाही.

बाबासाहेब हे हवेत बोलत नव्हते. खान्देशने त्यांना काय दाखवले होते ते पाहावे. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करायला समिती नेमली होती. तिचे सभासद म्हणून 1929 मध्ये ते या भागात फिरत होते. बहिष्काराच्या एका प्रकरणाची चौकशी आटोपून ते चाळीसगावला परतले. तिथल्या महार मंडळींनी त्यांना रात्रीपुरते वस्तीत राहण्याचा आग्रह केला. स्टेशनवर टांगा यायला तासभर लागला. टांगा आला, तेव्हा हाकणाऱ्याला हाकता येत नव्हते. वाटेत पुलावर चाक दगडात अडकले, घोडा आणि टांगा खाली नदीत गेले आणि बाबासाहेब फरशीवर आपटले. पाय मोडला. मागाहून कळले ते असे की, महाराला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. शेवटी टांगा भाड्याने घेऊन वस्तीतल्याच एकाने तो हाकला होता. परदेशातून पदव्या घेऊन आलेल्या बॅरिस्टरपेक्षा टांगेवाला स्वतःला वरचा समजत होता, हे बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवले.

या घटनेत ख्रिस्ती माणूस कुठेच नाही, आणि नेमकी तीच गोष्ट बोचणारी आहे. तोवर खान्देशात मिशनचे काम सुरू होऊन कितीतरी वर्षे लोटली होती. भुसावळ-चाळीसगावच्या पट्ट्यात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सची माणसे होती. पश्चिम खान्देशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने पाय रोवले होते. शाळा होत्या, प्रार्थना होत्या, दर रविवारी आज्ञा वाचून दाखवल्या जात होत्या. मात्र महाराला टांग्यात बसू न देणारी रीत कुणी मोडली, तर तो मोडणारा चर्चमधून आलेला असेल, अशी अपेक्षा गावात कुणाला नव्हती.

मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू दोन मुलांची गोष्ट सांगतो. बाप थोरल्याला म्हणतो, बाळा, आज द्राक्षमळ्यात कामाला जा. तो नाही म्हणतो, पण मागून त्याचे मन पालटते आणि तो जातो. धाकटा लगेच होय म्हणतो आणि जात नाही. दोघांपैकी बापाचे कोणी ऐकले, असे येशू विचारतो. ऐकणारे धर्माचे जाणकार होते, त्यांनाही उत्तर देणे भाग पडले: जो गेला त्याने. तेव्हा येशू त्यांना सांगतो की, जकातदार आणि वेश्या तुमच्याआधी देवाच्या राज्यात जातात. बाप्तिस्म्याचा दाखला, चर्चचे सभासदत्व, रविवारची हजेरी यांतले काहीही त्या निकालात धरलेले नाही. मळ्यात कोण गेले, एवढेच पाहिले आहे.

मराठी ख्रिस्ती परंपरेत या थोरल्यासारखी सर्वांत ठसठशीत व्यक्ती म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. त्यांचे माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचे. वडिलांना सोवळ्याचे वेड इतके की, बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. त्यातून मीठही सुटत नसे. अशा घरात वाढलेल्या लक्ष्मीबाईंच्या नवऱ्याने, कवी नारायण वामन टिळकांनी, 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि बाईंच्या डोक्यावर आभाळ कोसळले. काही वर्षे त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या. नंतर परत आल्या, पण चूल वेगळी, पाणी वेगळे. ख्रिस्ताला त्यांनी होय म्हटलेले नव्हते आणि म्हणायची तयारीही नव्हती. पण मनात एक प्रश्न शिरला: ही जात देवाने केली की माणसाने? पशुपक्ष्यांत देवाने भेद केले ते डोळ्यांना दिसतात, माणसामाणसांत तसे काय दिसते? उत्तर मिळाल्यावर त्यांनी ते मनात ठेवले नाही. यापुढे कुणाच्याही हातचे खायचे-प्यायचे, असे ठरवले आणि तसे वागल्या. त्यांचा बाप्तिस्मा 1900 मधला, म्हणजे या निश्चयानंतरचा. ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून प्रसिद्ध होऊ लागली तेव्हा मराठी वाचकांना त्यात विनोद, संसार आणि टिळकांचा लहरीपणा दिसला. ते सारे त्यात आहेच. पण ख्रिस्ती माणसाने ते पुस्तक वाचताना या जागी थांबावे. एका बाईने आधी आज्ञा पाळली आणि मग श्रद्धेला नाव दिले. स्वयंपाकघर सोडून ती कुठेही गेली नव्हती.

यावर एक रास्त आक्षेप आहे. तारण कृपेने होते, कर्माने नव्हे, असे पौल सांगतो आणि प्रोटेस्टंट मंडळ्या तर त्याच पायावर उभ्या आहेत. मग वागणुकीवर एवढा भर देणे म्हणजे मागच्या दाराने कर्मकांड आणणे नव्हे काय? ही शंका खरी आहे आणि ती झटकून टाकू नये. आज्ञापालन म्हणजे देवाकडे पुण्याची खातेवही उघडणे, असे ज्यांच्या मनात बसते त्यांचा धर्म रुक्ष होतो. ते स्वतःला छळतात आणि शेजाऱ्यालाही. पण कृपेचा अर्थ मोकळीक असा लावणाऱ्यांनाही बायबल आधार देत नाही. याकोबाचे पत्र या बाबतीत फार परखड आहे. उघड्या-उपाशी भावाला नुसता आशीर्वाद देऊन वाटेला लावणाऱ्या विश्वासाला ते मेलेला विश्वास म्हणते. जर्मनीत हिटलरशाहीत चर्चचा मोठा भाग होयबा झाला, तेव्हा 1937 मध्ये दीत्रिख बोन्हॉफर या तरुण पाळकाने शिष्यत्वावर पुस्तक लिहिले. स्वस्तात वाटली जाणारी कृपा ही चर्चची जिवावरची वैरीण आहे, हा त्याचा मुद्दा होता. 9 एप्रिल 1945 रोजी त्याला फासावर दिले. कृपा आणि आज्ञापालन यांना समोरासमोर उभे करून वाद घालणाऱ्यांनी हा माणूस वाचावा. त्याला त्या दोन्ही गोष्टी एकाच हाकेत ऐकू आल्या होत्या.

खान्देशच्या वाचकाला या प्रश्नाची दुसरी बाजूही ओळखीची आहे. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. स्वधर्म टाळता येत नाही आणि फळाच्या आशेने करायचा नाही, हे तिथल्या कैद्यांनी ऐकले. याच विनोबांनी पुढे ‘ख्रिस्तधर्म-सार’ संकलित केले, यात नवल वाटण्यासारखे काही नाही. तरी फरक आहे आणि तो पुसू नये. ख्रिस्ती माणसाला आज्ञा मिळते ती तत्त्वातून नव्हे, बोलावणाऱ्या व्यक्तीकडून. त्यामुळे ती न पाळणे म्हणजे केवळ कर्तव्यात कसूर राहत नाही, ते बोलावणाऱ्याला पाठ दाखवणे होते. ख्रिस्ती पश्चात्तापात म्हणूनच नियम मोडल्याच्या खंतीहून जास्त दुःख असते.

पण आज्ञा देवाची की देवाच्या नावाने बोलणाऱ्याची? हा प्रश्न सुटल्याशिवाय आज्ञाधारकपणाचा उपदेश धोक्याचा आहे. पाळकाचे ऐका, वडीलजनांचे ऐका, नवऱ्याचे ऐका, आणि हेच देवाचे ऐकणे आहे असे माना, अशी शिकवण अनेक मंडळ्यांत सर्रास चालते. यावरचा उतारा पंडिता रमाबाईंनी फार पूर्वी दाखवून ठेवला आहे.

29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडातल्या वाँटेज येथे रमाबाईंनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. ज्या भगिनींकडे त्या राहत होत्या त्यांची अपेक्षा अशी की, नवशिकी हिंदी बाई आता चर्चच्या शिस्तीत राहील. पण रमाबाईंनी मांसाहार स्वीकारला नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरे होती, तिथे त्यांना संस्कृत शब्द हवे होते. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्या प्रश्न विचारत राहिल्या. चेल्टनहॅमला त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावे की नाही यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्या संतापल्या. एका पुरोहितवर्गाचे जोखड नुकतेच उतरवले आहे, आता दुसऱ्याचे मानेवर घेणार नाही, अशा आशयाचे त्यांनी कळवले. वाँटेजच्या भगिनींपैकी सिस्टर जेराल्डिन यांना हा अहंकार वाटला. पण त्याच बाईने 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली उचलून आणल्या, केडगावच्या उघड्या माळावर त्यांची घरे वसवली आणि शतक उलटताना तिथे दीड-दोन हजारांचा संसार चालवला. 1897 मध्ये पुण्यातल्या प्लेगच्या सरकारी बंदोबस्तात स्त्रियांचे होणारे हाल त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून उघड केले. सरकार ख्रिस्ती लोकांचे होते म्हणून त्यांची लेखणी अडली नाही. बिशपापुढे न वाकलेली ही बाई देवापुढे किती वाकली, ते केडगाव सांगते. 1922 मध्ये मृत्यू येईपर्यंत बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे काम त्यांनी सोडले नाही.

टिळकही शेवटी याच वाटेने गेले. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही येशूचे शिष्य म्हणून एकत्र बसावेत, ही त्यामागची कल्पना होती. ती फार वाढली नाही, कारण दोन वर्षांत टिळक गेले. परंतु पगाराची आज्ञा आणि प्रभूची आज्ञा यांतला फरक त्यांना जाणवला होता, हे निश्चित.

आता जळगाव-धुळ्याकडे यावे. महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक शंभरात एक भरतात, आणि या दोन जिल्ह्यांत तेवढेही नाहीत. भुसावळात रेल्वेमुळे आलेली जुनी कुटुंबे आहेत, शहरांतून मराठी मंडळ्या आहेत, आणि पश्चिमेला, जे 1998 पर्यंत धुळे जिल्ह्यातच होते त्या नवापूर-नंदुरबारकडे, आदिवासी गावांत चर्च आहेत. एवढ्या थोड्या लोकांचा धर्म इतरांना उपदेशातून कळत नाही. तो कळतो तो दवाखान्यात, बाजारात, शेताच्या बांधावर.

दवाखान्याचे उदाहरण समोर आहे. सुरत-भुसावळ लोहमार्गावर चिंचपाडा नावाचे लहान स्टेशन आहे. तिथे 1940 च्या दशकात मिशनने रुग्णालय काढले. पुढे परदेशी माणसे गेली. एकूणच देशातल्या अनेक मिशन रुग्णालयांवर ती वेळ आली आणि भारतीयांनी चालवलेल्या इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशनने त्यांतली बरीच हाती घेतली. चिंचपाड्याचे रुग्णालय त्यांत आहे. क्षयरोग, सिकलसेल, साप चावलेली माणसे, अडलेल्या बाळंतिणी: या भागात हे रोजचे आहे. मोठ्या शहरात प्रॅक्टिस करता येईल अशा डॉक्टरने अशा ठिकाणी वर्षानुवर्षे राहणे, औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाच्या रुग्णाला पहिली मात्रा देण्यापासून शेवटची मात्रा संपेपर्यंत न सोडणे, बरा होणारच नाही अशा माणसाच्या वेदना तरी कमी करणे, हे आज्ञापालनच आहे. रुग्णाने प्रार्थना केली काय, न केली काय, क्षयाच्या गोळ्या तेवढ्याच चोख द्यायच्या असतात. उलट, प्रार्थनेने बरे होशील, औषध कशाला, असे रुग्णाला सांगणारा सेवक कोणत्याही मंडळीचा असो, तो देवाचे ऐकत नाही. पौलाच्या सोबतीला लूक वैद्य होता, हे तरी त्याने विसरू नये.

खान्देशच्या आदिवासींना धर्म वागणुकीतून ओळखण्याची कसोटी मिशनऱ्यांनी शिकवली, असेही नाही. 1938 च्या सुमारास तळोदे तालुक्यातल्या मोरवडला गुलाम महाराजांभोवती हजारो भिल्ल जमू लागले. ‘आप की जय’ म्हणत आरतीला येणाऱ्या त्या माणसांनी दारू सोडली. दारू सोडली की सावकाराचा फास सैल होतो, हे त्यांना कळत होते आणि दारू विकणाऱ्यांनाही कळत होते. तो धर्म ख्रिस्ती नव्हता. पण देवाचे नाव घेतले म्हणजे संध्याकाळची वागणूक बदलली पाहिजे, हा नियम तिथे पक्का होता. ज्या गावाने असा धर्म पाहिला आहे, तिथे ख्रिस्ती माणसाच्या साक्षीचे वजन त्याच्या घरातली भांडणे, त्याची उधारी आणि त्याचा शब्द यांवरून होणार. व्हायलाच हवे.

शेतातला हिशेब हा तर याहून अवघड भाग आहे. खान्देशात सालदाराचे साल आखाजीला ठरते. अक्षय तृतीयेला जुने साल संपते, नवा करार होतो, वर्षभराची रक्कम, धान्य, कपडे बोलून घेतले जातात. उचल दिलेली असते, ती कापली जाते. किती कापली, किती खाडे धरले, आजारपणाचे दिवस कुणाच्या माथी मारले, हे सारे मालकाच्या वहीत. सालदाराकडे वही नसते. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत, चोपड्या-शिरपूरकडच्या कापसाच्या रानांत हे नाते पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. मंडळीत पहिल्या रांगेत बसणाऱ्या माणसाचीही शेती असते, दुकान असते, बांधकामावर मजूर असतात. त्याच्याविषयी बायबल मोघम बोलत नाही. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नको, ही लेवीयाच्या पुस्तकातली आज्ञा आहे. कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते, असे याकोब लिहितो. शेताचे कोपरे कापू नका, सरवा गरिबाला वेचू द्या, असे मोशेचे नियमशास्त्र सांगते. त्याच नियमाच्या आधाराने परक्या देशची विधवा रूथ बवाजाच्या शेतात जगली, आणि तिच्याच वंशात दावीद आणि पुढे येशू जन्मला. मजुरीच्या वहीवर प्रवचन झालेले फार थोड्यांनी ऐकले असेल. दशांशावर मात्र होते. दहावा भाग देवाला किती काटेकोर दिला हे विचारणाऱ्या मंडळीने उरलेले नऊ भाग कुणाच्या घामातून आले, हेही विचारले पाहिजे. येशूने परूश्यांना नेमके हेच विचारले होते: पुदिना आणि जिरे यांचा दशांश देता, आणि न्याय, दया यांचे काय?

याहून कठीण प्रसंग तहसील कचेरीतल्या खिडकीपाशी येतो. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला गेला. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. म्हणजे एकाच घराण्यातला बौद्ध भाऊ अनुसूचित जातीत आणि ख्रिस्ती भाऊ इतर मागासवर्गात. गावाच्या लेखी दोघांची वस्ती तीच, अपमानही तोच. आदिवासींचे तसे नाही. त्यांचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही, जरी धर्मांतर केलेल्यांचा तो काढून घ्यावा अशी मागणी अधूनमधून मोर्चे काढून केली जाते. या प्रश्नावर न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली ऑक्टोबर 2022 मध्ये आयोग नेमला गेला. नोव्हेंबर 2024 मध्ये पुद्दुचेरीतल्या एका महिलेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ख्रिस्ती धर्म आचरत असताना केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचे सांगता येणार नाही.

आता अशा ख्रिस्ती घरातल्या बापाने काय करावे? मुलगा बारावी झाला आहे. कागदावर हिंदू लिहिले तर शिष्यवृत्ती, वसतिगृह, पुढे नोकरीची आशा. खरे लिहिले तर यातले बरेच जाते. कित्येक घरांत कागदावर एक आणि रविवारी एक, असे दोन धर्म चालतात. पाळकाला ते माहीत असते आणि तो बोलत नाही. बोललाच तर विश्वास दुबळा आहे म्हणून त्या बापाला लाजवतो. दोन्ही चूक आहे. खोटे बोलू नये ही आज्ञा आहे आणि ती त्या बापालाही लागू आहे, यात शंका नाही. पण तीच आज्ञा सर्वांना सारख्या भावाने पडत नाही. ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेल्या टिळकांना खरे बोलण्याची किंमत आप्तांच्या तुटण्यात मोजावी लागली. महार किंवा मांग घरातल्या ख्रिस्ती माणसाला ती मुलाच्या फीमध्ये मोजावी लागते. प्रेषितांच्या कृत्यांत पहिल्या मंडळीचे वर्णन आहे: कुणालाही काही उणे नव्हते, कारण ज्याच्याजवळ होते त्याने विकून आणून दिले. खरे बोलायला सांगणारी ती मंडळी खऱ्याचा खर्च वाटून घेत होती. जी मंडळी खर्च वाटून घेत नाही तिला त्या बापाला दोष देण्याचा अधिकार उरत नाही. कायदा अन्यायाचा आहे म्हणून तो बदलण्यासाठी उघड लढणे हाही आज्ञेचाच भाग आहे. बाबासाहेबांनी सोलापुरात ज्या लढ्याची उणीव दाखवली होती, तो हाच लढा.

जातीचे तर घरातच आहे. लग्न ठरवताना ‘आपल्यातले’ म्हणजे कोण, हे मराठी ख्रिस्ती घरांत आजही हळू आवाजात विचारले जाते. प्रभुभोजनाला एकाच प्याल्यातून पिणारी माणसे सोयरीक करताना मूळ जात शोधतात. लक्ष्मीबाईंनी सव्वाशे वर्षांपूर्वी एकटीने जे ओलांडले, ते पूर्ण मंडळीला ओलांडता येत नसेल, तर ती अडचण नव्हे, अवज्ञा आहे.

शत्रूवर प्रीती करण्याची आज्ञा सर्वांत दुर्घट, आणि तीही खान्देशच्या वेशीवर येऊन गेली. 1998 च्या नाताळात सीमेपलीकडच्या, गुजरातेतल्या डांग जिल्ह्यात चर्च आणि प्रार्थनागृहे जाळली, पाडली गेली. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी तिथे जाऊन आले आणि धर्मांतरावर राष्ट्रीय चर्चा व्हावी म्हणाले. पाठोपाठ जानेवारी 1999 मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांचे दोन मुलगे गाडीत जिवंत जाळले गेले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे सांगितले आणि कुष्ठरुग्णांचे काम सोडले नाही. 2005 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. क्षमेचा अर्थ खटला चालू नये असा त्यांनी लावला नाही. न्यायालयाने आपले काम करावे आणि आपण द्वेष करू नये, एवढा स्वच्छ फरक त्यांना दिसत होता. हल्ले झाल्यावर गप्प बसणे म्हणजे नम्रता, असे समजणाऱ्यांनी आणि उलट शिव्या देणे म्हणजे साक्ष, असे समजणाऱ्यांनी या बाईकडे पाहावे. अधिकाऱ्यांपुढे उभे केले तेव्हा पेत्राने माणसांपेक्षा देवाचे ऐकणार असे सांगितले, फटके खाल्ले आणि त्यानंतरही रोज मंदिरात शिकवत राहिला. त्याने लपवले काही नाही, मारले कुणाला नाही.

म्हणून जळगाव, धुळे, नंदुरबारच्या मंडळ्यांना विनंती आहे. येत्या वार्षिक सभेत तीन विषय कामकाजात घ्यावेत आणि त्यांचे इतिवृत्त लिहून ठेवावे. मंडळीतल्या ज्यांच्याकडे सालदार, मजूर किंवा मोलकरीण आहे, त्यांच्या मजुरीचा हिशेब वडीलजनांनी विचारावा. खरा धर्म लिहिल्यामुळे ज्या मुलांची शिष्यवृत्ती गेली त्यांच्या फीसाठी दशांशातून निधी बाजूला काढावा, आणि तो चर्चच्या रंगरंगोटीआधी काढावा. आणि ज्या घरांनी जात न पाहता सोयरीक केली त्यांच्या पाठीशी उपासनेत सर्वांसमोर उभे राहावे. यासाठी परवानगी, परदेशी पैसा किंवा नवा मिशनरी यांतले काहीही लागत नाही.